जिना चढताना दुखणारी दाढ

माझा आवाज मोठा आहे. मी चौथीला शिकवायला उभी राहिले की भिंतीपलीकडच्या पाचवीचाही तास होऊन जातो, असं आमच्या शाळेतल्या बाया म्हणतात. सुरतेत मराठी शाळेत शिकवायचं तर असा आवाज लागतोच. पोरं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, आपसात गुजराती, आणि मराठी फक्त माझ्या धाकाने. अडचण एवढीच की शाळा सुटल्यावर हा आवाज शाळेत राहत नाही, माझ्याबरोबर घरी येतो. रागावले की मी घरातही पुस्तकी मराठी बोलायला लागते, आणि मग माझी आई म्हणते, "उनी मास्तरीन," म्हणजे आली मास्तरीण. आई आता माझ्याकडेच राहते, तळमजल्यावर, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते. ती इथे कशी आली हे सांगायचं तर आधी वडिलांच्या दाढेबद्दल सांगावं लागेल. ती गोष्ट मी पाच वर्षं तिच्यापासून लपवून ठेवली होती.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो आणि आईला माय. नाना धुळ्याकडचं गाव सोडून लग्नाआधीच सुरतेला आले, पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. रंगवलेलं ओलं कापड गरम हवेतून ताणून वाळवणारं एक लांबलचक मशीन असतं, त्याला मिलमध्ये स्टेंटर म्हणतात. नाना त्याच्या तोंडाशी उभे असायचे. थंडीतसुद्धा ते घामाने निथळून घरी यायचे. माय त्यांची बनियन वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण पहिलं पाणी कधी गुलाबी निघायचं, कधी निळं. लहानपणी मला वाटायचं की मोठ्या माणसांना घामच रंगीत येतो. नखांच्या कडांना रंग कायमचा बसलेला होता, तो दिवाळीच्या सुट्टीतही जायचा नाही.

सुरतेतल्याच डिंडोलीत तिसऱ्या माळ्यावर त्यांचं घर होतं. लिफ्ट नव्हती. खालची घरं मिळत होती तरी नानांनी वरचंच घेतलं, हवा येते म्हणून. दिवसभर मिलच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाला वारा हवा होता, यात काय चुकलं. पाहुणे आले की ते त्यांना आधी गॅलरीत नेऊन उभे करायचे आणि म्हणायचे, बघा, पंखा लावावा लागत नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, एवढंच. शाळेतून येताना रोज एक चक्कर असायचीच.

नानांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, तंबाखू. त्यांच्या खिशात दोन्ही बाजूंनी उघडणारी छोटी पत्र्याची डबी असायची, एका बाजूला तंबाखू, दुसरीकडे चुना. डाव्या गालात बार भरला की त्यांचा चेहरा निवांत व्हायचा. मायलाही मिश्री लावायची सवय, त्यामुळे ती या भांडणात पडायची नाही. आमच्याच गल्लीतल्या एका मिल कामगाराचा अर्धा गाल ऑपरेशनमध्ये काढून टाकलेला मी पाहिला आणि त्या दिवसापासून मी नानांच्या तोंडाकडेच बघायला लागले. महिन्यातून एकदा त्यांना खिडकीपाशी बसवून मी मोबाईलची बॅटरी लावायची आणि म्हणायची, "आ करा." पंचावन्न वर्षांचा माणूस चौथीतल्या पोरासारखा आ करायचा. एखादा पांढरा डाग दिसतोय का, मी शोधत राहायची. मी आल्याची चाहूल लागली की ते तोंडातला बार घाईने थुंकायला मोरीत पळायचे, आणि मी मुद्दाम चप्पल जोरात आपटत जिना चढायची.

त्या दिवसांतलाच एक रविवार. बाजारातून आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. पिशव्या माझ्याकडे होत्या, त्यांच्या हातात फक्त कोथिंबीर. दुसऱ्या माळ्यावर ते थांबले, कठड्याला टेकले आणि डावा जबडा हाताने धरला.

"काय झालं?"

"काही नही. दाढ दुखस."

"कधीपासून?"

"पंधरा दिन व्हयनात. चढतांना दुखस. जरासा बठनं का थांबी जास." मग जिन्यातून वर बघून आवाज बारीक केला. "मायले सांगू नको. ती काळजी करस, मंग जेवत नही."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि जिन्यातच माझा तास सुरू केला. "दाढेला जिना कळतो का नाना? तंबाखूने सडली आहे ती. आणि नुसती सडली असेल तर नशीब समजा." ते कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत ऐकून घेत होते. माझं बोलून होईपर्यंत दुखणं थांबलं असावं, कारण मग ते झपझप वर गेले. दाढेला जिना कळतो का, हा प्रश्न मीच विचारला होता, आणि इतका नेमका प्रश्न मी वर्गातसुद्धा कधी विचारला नसेल. उत्तर ऐकायला मात्र थांबले नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांची पाळी सुटल्यावर मी त्यांना दातांच्या दवाखान्यात नेलं. मुख्य रस्त्यावर, एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तरुण डॉक्टर, सुरतीच, बोलायला गोड. "काका, मोढुं खोलो," म्हणत त्यांनी नानांना खुर्चीत आडवं केलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर नानांना बोलता कुठे येणार. डॉक्टरांनी विचारलं, थंड लागतं का, गरम लागतं का, रात्री जास्त दुखतं का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी दिली. तंबाखू किती वर्षांपासून, दिवसातून किती वेळा, चुना कुठला, सगळं मी सांगितलं. चढताना दुखतं, बसलं की थांबतं, हे एवढंच सांगायचं राहिलं. लपवायचं म्हणून नव्हे. ते मला सांगण्यासारखं वाटलंच नाही.

डॉक्टरांनी आरशाने, बोटाने सगळं तोंड तपासलं. जीभ, गाल, टाळू. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. शेवटी त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाले की तोंड साफ आहे, घाबरण्यासारखं काही नाही, तंबाखू तेवढी सोडा. दाढ थोडी हलते आहे, पण तशी वाईट नाही, महिनाभर बघू.

"बघायचं कशाला, काढूनच टाका," मी म्हटलं.

त्यांनी एकदा नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दाढ काढली. ती बशीत पडलेली मला आठवते, मुळाशी पिवळी, तंबाखूने काळवंडलेली, पण कुठे भोक नाही की कीड नाही.

त्या संध्याकाळसारखं हलकं मला त्यानंतर वाटलेलं नाही. कॅन्सर नाही म्हणजे काहीच नाही, असाच माझा हिशेब होता. थंड खायला सांगितलं होतं म्हणून मी नानांना कुल्फी घेऊन दिली. तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर, कुल्फी हनुवटीवर ओघळत होती आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून हसत होतो. तिथेच त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली. "ले. सोडी तंबाखू." मी डबी घरी नेऊन घासून धुतली, एका बाजूला बडीशेप भरली, दुसऱ्या बाजूला खडीसाखर, आणि त्यांना परत दिली.

नंतरचे बारा दिवस त्यांनी खरंच तंबाखू खाल्ली नाही. चिडचिड व्हायची, हात सारखा खिशाकडे जायचा, पण खाल्ली नाही. मी रोज विचारायची, "दाढ दुखते का अजून?" आणि ते म्हणायचे, "नही, आते बरं शे." काढलेली दाढ दुखते असं कोण सांगणार, तेही मला.

तेराव्या दिवशी सकाळी नाना दूध आणायला खाली उतरले. वर येताना दुसऱ्या माळ्यावर बराच वेळ बसून होते म्हणे, शेजारच्या वहिनींना वाटलं वारा खात बसलेत. घरात आले आणि म्हणाले, गॅस झालाय. मायने मला फोन केला. मी शाळेत निघालेली, तशीच वळले. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. घामाने बनियन चिकटली होती, आणि आमच्या घरात घामाला कोण भितं. वरच्या पोटात जळजळतंय म्हणाले. आदल्या दिवशी वांग्याचं भरीत आणि ठेचा झाला होता. मायने ओवा-मीठ दिलं. मी लिंबू-सोडा पाजला. मायने पाठीला बाम चोळला.

"तंबाखू सोडी ना, म्हनीसन व्हई राहिनं," नाना म्हणाले.

मला तेही पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. एवढा त्रास होतोय आणि तरी खात नाहीत, म्हणजे आता सुटलीच, असं मनात आलं. मी त्यांचं कपाळ पदराने पुसलं. कपाळ गार होतं. मिलमधून घामाने भिजून आलेल्या नानांचं कपाळ तापलेलं असायचं, हे गार होतं. हाताला ते कळलं आणि डोक्यापर्यंत पोचलं नाही. असा तासभर गेला. मग त्यांना उलटी झाली आणि डोळे फिरल्यासारखे झाले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं, रिक्षात घातलं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. दवाखान्यात नेल्यावर फार वेळ लागला नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. माय बाहेर बाकावर होती. मोठा अटॅक होता, त्या म्हणाल्या, उशीर झाला होता. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारायला सुरुवात केली. प्रेशर होतं का? कधी तपासलं नाही. शुगर? माहीत नाही. तंबाखू? हो. घरात आणखी कुणाला? नानांचे वडील चाळिशीतच गेले होते, बसल्या जागी. गावात म्हणायचे वारं लागलं. बाईंनी ते लिहून घेतलं. तंबाखूने फक्त तोंडच जातं असं नाही, हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्याही अरुंद होतात, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं मी भांडत होते ते बरोबरच होतं, फक्त बॅटरी चुकीच्या जागी मारत होते.

"गेल्या महिन्यात काही दुखत होतं का? छातीतच असं नाही. खांदा, हात, पाठ, जबडा. चालताना किंवा जिना चढताना सुरू होतं, बसलं की थांबतं, असं काही?"

मी म्हटलं, "नाही. असं काही नव्हतं."

आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोलले नव्हते. बाईंनी तेही लिहून घेतलं. बाहेर आले तेव्हा मायने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरकून जागा केली. मी तिच्याजवळ बाकावर बसले. तिच्या हाताला अजून बामाचा वास होता.

तेराव्याला मिलमधले त्यांचे सोबती आले. एक जण म्हणाला, शेवटचा महिनाभर नाना कापडाची गाडी ढकलली की डावा हात दाबत बसायचे, आम्ही म्हटलं ओढून ओढून खांदा भरला असेल. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी मला उमगलं की आमच्यासारख्या घरात आजाराला शिरायला वेगळा दरवाजा लागत नाही. घाम आहे, तर तो मशीनचा. दम लागतो, तर वाफेचा. हात दुखतो कामाने, पोट जळतं मिरचीने, दाढ दुखते तंबाखूने. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे आधीच एक मालक होता, आणि प्रत्येक वेळी तो मालक खरा वाटायचा.

मायने मात्र आपलं कारण ठरवून टाकलं होतं. "दाढ उपाडी आनि मना माणूस गया," ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "दाढनी नस काळीजपावत जास." दाढेची नस काळजापर्यंत जाते हे बायांना पटायचं, त्या हळहळायच्या, आपापल्या ओळखीतला एखादा दाढ काढून गेलेला माणूस आठवून सांगायच्या. त्या गोष्टीत दोष माझाच होता, दाढ काढायला मीच नेलं होतं. पण त्या दोषाला माफी होती. पोरीने बापाच्या भल्यासाठी केलं, तिला बिचारीला काय ठाऊक, असं लोक म्हणायचे. मला ठाऊक होतं. मला सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून, स्पष्ट शब्दांत. ते मायला कळलं तर ती माझ्याशी कशी वागेल, याची मला भीती वाटायची. मी दाढेला दोषी राहू दिलं.

पाच वर्षं गेली. माय तिसऱ्या माळ्यावर एकटीच राहायची. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायची, इथे हवा येते. मागच्या वर्षी होळीनंतर मला दिसलं की ती भाकरी दाळीत बुडवून, अगदी लगदा करून खाते. मग एका बाजूनेच चावायला लागली. मग तेही बंद झालं. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. एके दिवशी शाळेतून गेले तर डावा गाल टम्म सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, घरभर लवंगेच्या तेलाचा वास. दाढ किडली होती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. मी म्हटलं, उठ, दवाखान्यात चल. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"मी दाढ काढाव नही. माले मरानं नही शे."

मी ओरडले. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या इतकी ओरडले. पुस्तकी मराठीत ओरडले, अडाणीपणा म्हटलं, अंधश्रद्धा म्हटलं, वर्गात भिंतीवर लावतात ते सगळे शब्द वापरले. ती पांघरूण घेऊन पडून राहिली. चार दिवस हेच चाललं. ताप आला, गोळीने उतरला, परत आला. पाचव्या दिवशी मी बघितलं तर ती पाणीसुद्धा घोट-घोट, मान तिरकी करून पीत होती. आता ही दाढेने जाणार, आणि दाढेची ती गोष्ट मी जिवंत ठेवली म्हणून जाणार, एवढं मला कळत होतं. वहिनींना मी घरी पाठवलं, दार लोटलं आणि तिच्या पायाशी बसले.

"माय, नाना दाढेने गेले नाहीत."

तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"त्यांची दाढ चांगली होती. हृदयाचं दुखणं होतं ते, जबड्यात येत होतं. चढताना दुखतं, बसलं की थांबतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाले. मला कळलं नाही. मी त्यांनाच बोलले. डॉक्टरीणबाईंनी नंतर विचारलं, तेव्हाही मी खोटं सांगितलं."

एवढं बोलायला मला पाच वर्षं लागली आणि बोलून झालं अर्ध्या मिनिटात. मी रडत होते. माय उठून बसली. सुजलेल्या गालाने तिचं तोंड नीट उघडत नव्हतं, शब्द एकेक करून येत होते.

"माले बी सांगेल व्हतं त्यास्नी."

"काय?"

"सकायमा शर्ट घालतांना छातीवर धोंडा ठेवाना गत व्हस म्हने. थोडा येळ. मंग जास." तिने पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. "पोरले सांगू नको म्हने. ती वरडस. दिनभर शाळामा वरडीसन येस, आठे ईसन फिरी तंबाखूना मांगे लागी. घरमा शांती ऱ्हाऊ दे."

मला जिना सांगितला, तिला छाती सांगितली. मिलमध्ये हात दाबून दाखवला. एकेकाला एकेक तुकडा देऊन वर सांगितलं, दुसऱ्याला कळू देऊ नको. मायला सांगितलं तर ती जेवणार नाही आणि मला सांगितलं तर मी ओरडेन. दोन्ही खरं होतं, माणूस आम्हाला पुरता ओळखून होता. आम्ही तिघं नुसते एका जागी बसून बोललो असतो, तर कदाचित नाना आज गॅलरीत बसलेले असते. कदाचित नसतेही. पण तो कदाचित मला फार छळतो.

"मग तू दाढ दाढ का म्हणत होतीस इतकी वर्षं?" मी विचारलं. "तुला तर ठाऊक होतं."

ती पांघरुणाची दशी ओढायला लागली. "दाढ काढीसन मी बरी ऱ्हायनू, तं मंग त्यास्ले काय व्हयनं व्हतं? मंग ते मनावरच येस ना."

दाढ निर्दोष सुटली तर दोष तिच्यावर येणार होता. त्यापेक्षा किडलेल्या दाढेचं ठणकणं तिला सोपं वाटलं. आम्ही मायलेकी पाच वर्षं त्या एका दाढेच्या आडोशाला बसलो होतो, एकमेकींकडे पाठ करून. त्या दुपारी मी तिला तसंच जवळ धरून बसले. संध्याकाळी तिने आपणहून लुगडं बदललं आणि म्हणाली, "चाल, काढी टाकूत."

तोच दवाखाना, तोच दुकानावरचा पहिला मजला. खालून मी फोन केला तेव्हा नंबर लागलाच होता, पाच मिनिटांत वर या म्हणाले. मी पुढे, माय मागे. आठ-दहा पायऱ्या चढले आणि मागून तिच्या चपलांचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर ती कठडा धरून उभी होती. दुसरा हात गालावर नव्हता. तो हात मागे, पाठीकडे नेण्याचा प्रयत्न करत होती. माझ्या ओठांवर आलंच होतं, पटपट चल, नंबर जाईल. ते मी गिळलं. चार पायऱ्या उतरले, तिला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले. वरून येणारा एक माणूस आम्हाला ओलांडून गेला.

"दाढ दुखते?"

"दाढ तं दुखसच." ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. कपाळावर घाम होता. मी हात लावून पाहिला. गार होता.

"आणखी काय दुखतं?"

तिने आता माझ्याकडे बघितलं. "तू वरडशी नही ना?"

असा प्रश्न नानांनी मला विचारला नाही. त्यांनी आपला अंदाज केला आणि गप्प राहिले. मी मायचा हात हातात घेतला आणि घरात रागाच्या वेळी कधी बोलत नाही त्या आमच्या बोलीत म्हटलं, "वरडाव नही. सांग."

"चढतांना दोन्ही खांदास्ना मधमा दुखस. दम लागस. दोन महिना व्हयनात." मग माझ्या बोटांवरची पकड घट्ट करून ती म्हणाली, "बठनं का थांबी जास."

दुखणं थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. डोळ्यांसमोर नानांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी येत होती. वर दवाखान्यातून कुणीतरी आमचा नंबर पुकारला, दोनदा पुकारला. आम्ही वर गेलो नाही. मोठ्या दवाखान्यात जायला रिक्षा अगदी दारात बोलावली, आणि माझा हात धरून माय एकेक पायरी खाली उतरली.